तो कांदा, ती भेंडी, ते वांगं आणि डेअर-डी-डास

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या घराघरांत एक बैठक बसते. बैठकीला आई, बाबा, आत्या आणि वरच्या मजल्यावरचे काका हजर असतात. ज्याच्या भवितव्यासाठी ही मंडळी जमलेली असतात तो मुलगा मात्र मोबाइल घेऊन गॅलरीत उभा असतो. विषय एकच : अकरावीला भाषा कुठली घ्यायची? बाबा म्हणतात जर्मन, कारण चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आहेत. आत्या म्हणते फ्रेंच, कारण ती ऐकायला गोड लागते. आत्याने आजवर फ्रेंच ऐकली आहे ती फक्त अत्तराच्या जाहिरातीत, आणि त्या जाहिरातीतली बाई एकंदर चारच शब्द बोलते. काका म्हणतात संस्कृत, कारण ती स्कोअरिंग. आई विचारते, जपानीचा क्लास जवळ कुठे आहे का. म्हणजे पावसात आणायला-सोडायला जायला नको.

एवढ्या चर्चेत एक प्रश्न कुणाच्याच तोंडून येत नाही : या भाषेत मुलगा बोलणार कुणाशी?

'दुसरी परदेशी भाषा' हा शब्दप्रयोगच मुळात गमतीचा आहे. दुसरी आहे म्हणजे पहिली असणार. पहिली कोण, असं विचारलं की समोरचा क्षणभर गोंधळतो. इंग्रजी परदेशी आहे हे त्याला आठवून द्यावं लागतं. इंग्रजीचं आपल्याकडे घरजावयासारखं झालं आहे. इतकी वर्षं घरात राहतो आहे की तो पाहुणा होता हे सगळे विसरले. आणि हल्ली तर घर त्याच्याच नावावर असावं असं त्याचं वागणं असतं. त्यामुळे नवी पाहुणी दारात आली की तिची चौकशी करायला आपण जावईबापूंनाच पुढे करतो. पुण्यामुंबईत जर्मन, फ्रेंच किंवा जपानी शिकणारा मराठी माणूस ती बहुतेक वेळा इंग्रजीच्या खांद्यावर बसून शिकतो. पुस्तक इंग्रजीतलं, समजावणं इंग्रजीत, वहीतल्या शब्दांचे अर्थही इंग्रजीत. आणि मग तक्रार करतो की भाषा फार अवघड आहे बुवा.

अवघड नेमकं काय आहे, ते पुढे पाहू. आधी भाषा निवडली कशी जाते ते पाहणं जास्त मनोरंजक आहे.

भाषांच्या फॅशन साड्यांच्या फॅशनइतक्याच चंचल असतात. साठ-सत्तरच्या दशकांत रशियनचा जमाना होता. गुळगुळीत कागदावरची सोव्हिएत बालपुस्तकं मराठीत भाषांतर होऊन अगदी नाममात्र किमतीत मिळायची, आणि घराघरांतली मुलं अस्वलं, कोल्हे आणि बर्फ बघून मोठी व्हायची. पुढे त्यांतल्याच काहींनी रशियन शिकायला घेतली. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला. नुकताच डिप्लोमा हातात पडलेल्यांची अवस्था पागडी भरून खोली घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी चाळच पाडायला काढावी अशी झाली. मग जर्मनचे दिवस आले, मग जपानीचे. आता घरातली मुलगी जेवताना कोरियन मालिका बघते आणि भाताचा घास घेताघेता कोरियनमध्ये उसासे टाकते. तिने ना क्लास लावला, ना परीक्षा दिली. आणि बैठकीत ठरवून शिकणाऱ्या तिच्या भावापेक्षा ती भराभर पुढे जाते आहे. याची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात होत नाही.

त्यात हातातल्या फोनवर भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपचं एक हिरवं घुबड आलं. घुबड दारावर बसलेलं दिसलं तर आजी राम राम म्हणायची. आता तेच घुबड रोज रात्री ठरल्या वेळी येतं आणि आज धडा केला नाहीस, असं बजावतं. ज्या काकूंनी आयुष्यात सासूचं ऐकलं नाही त्या घुबडाला घाबरून, कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत, 'सफरचंद लाल आहे' हे स्पॅनिशमध्ये लिहून मोकळ्या होतात. अशा तीनशे दिवसांच्या अखंड साधनेनंतर स्पेनचा माणूस समोर आला, तर काकू त्याला सफरचंदाचा रंग नक्की सांगू शकतील.

भाषा शिकण्याचे फायदे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. पहिला फायदा नोकरीचा, आणि तो खोटा नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल मनुष्यबळ तिकडे पाठवायचं, असं त्यात ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसाची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजार करत असल्याचं जाहीर केलं. बाडेन-वुर्टेम्बर्गची राजधानी श्टुटगार्ट. मुंबई आणि श्टुटगार्ट या १९६८ पासून भगिनी-नगरी आहेत, त्यामुळे हे प्रकरण तसं घरातलंच. फक्त एक अडचण आहे. विमानाचं तिकीट पैसे टाकून मिळतं, जर्मन तशी मिळत नाही. तिकडे परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी असेल तर साधारण बी२ पातळीपर्यंत जर्मन यावी लागते.

आता बी२ म्हणजे काय, यावरून बैठकीत आणखी अर्धा तास जातो. युरोपीय भाषांच्या पायऱ्या ए१ पासून सुरू होऊन सी२ ला संपतात. ए१ म्हणजे बालवाडी. जपानीच्या परीक्षेत मात्र उलटी गंगा. तिथे एन५ ही सगळ्यांत खालची पायरी आणि एन१ हे शिखर. त्यामुळे सोसायटीच्या हळदीकुंकवात एक आई सांगते, 'आमची ए१ झाली,' आणि दुसरी म्हणते, 'आमची अजून एन२ लाच आहे.' ऐकणाऱ्या बायका पहिलीला ओटी भरताना दोन फळं जास्त देतात. खरं तर दुसरीच्या मुलीने तोवर हजारभर कांजी अक्षरं घोटलेली असतात.

दुसरा फायदा मेंदूचा. भाषा शिकली की म्हातारपणी स्मृतिभ्रंश लांबतो, हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळच्या गुलाबाबरोबर येतं, म्हणून ते खोटंच असेल असं नाही. यावरचा एक गाजलेला अभ्यास हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये झाला. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा विकार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला. कधी शाळेत न गेलेल्या निरक्षर माणसांमध्येही हा फरक आढळला, हे विशेष. म्हणजे प्रश्न डिग्रीचा नाही, रोज दोन भाषांमध्ये ये-जा करण्याचा आहे.

इथवर वाचून काकांनी जर्मनचा फॉर्म मागवला. पण त्याच अभ्यासात पुढे आणखी एक निष्कर्ष आहे, जो गुलाबाबरोबर येत नाही : दोनपेक्षा जास्त भाषा येणाऱ्यांना जादा फायदा काही दिसला नाही. काकांना मराठी येते आणि रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी आणि क्रिकेटच्या समालोचकाशी भांडण्याइतकी हिंदीही येते. म्हणजे त्यांचा साडेचार वर्षांचा बोनस केव्हाच खात्यात जमा झालेला आहे. जर्मन शिकून त्यावर व्याज मिळेल याची हमी नाही. पुढे इतर संशोधकांनी तर या मूळ फायद्यावरही शंका घेतल्या आणि तो वाद अजून मिटलेला नाही. काकांनी फॉर्म भरला तो भरलाच. पैसे परत मिळत नव्हते.

मग दुसरी परदेशी भाषा शिकून मिळतं काय? सगळ्यांत मोठी मौज ही की मराठी माणसाला ती शिकताना पहिल्यांदा मराठी दिसते. रोज वापरात असलेलं पातेलं कुठल्या धातूचं आहे, हे जसं कल्हईवाला दारात आल्यावरच कळतं, तसं.

जर्मनच्या वर्गात पहिल्या आठवड्यात रडारड होते ती 'डेअर, डी, डास'वरून. प्रत्येक नामाला लिंग असतं, आणि तीन असतात. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने १८८० साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनाला या भाषेच्या भयंकरपणावर एक अख्खं परिशिष्टच जोडलं. मुलीला जिथे नपुंसकलिंग आणि सलगमाला मात्र स्त्रीलिंग, ती भाषा कसली, असा त्याचा सात्त्विक संताप. ट्वेनचं समजू शकतो. बिचारा इंग्रजीत वाढलेला. पण कोथरूडचा मुलगा ट्वेनच्या सुरात सूर मिसळून रडतो तेव्हा हसू येतं. त्याच्या घरची भाजीची पिशवी ओट्यावर उपडी केली तर तो कांदा, ती भेंडी आणि ते वांगं अशी तिन्ही लिंगं शेजारी शेजारी पडतात. संस्कृतातली तीन लिंगं हिंदीने दोनांवर आणली. मराठी, कोकणी आणि गुजरातीने तिन्ही सांभाळली.

मुलीच्या नपुंसकलिंगाचंही नवल मराठी माणसाने करू नये. जर्मन 'मेडशेन' नपुंसकलिंगी आहे, तसंच कोकणीतलं 'चेडूं'ही नपुंसकलिंगी आहे. ट्वेन सावंतवाडीमार्गे जर्मनीला गेला असता तर परिशिष्टाची चार पानं वाचली असती. घाटावरही ते पोरगं, ते लेकरू, ते कार्टं हे रोजचंच आहे, आणि कार्ट्याला त्यात काही भयंकर वाटत नाही.

जर्मनची यादी मराठीशी जुळत नाही, हे खरं. सूर्य तिथे बाई आहे आणि चंद्र पुरुष. पण सवय तयार आहे, फक्त यादी नवी. मराठी ही सवय किती निर्दयपणे वापरते ते पाहा. इंग्रजीतून लिंगाशिवाय आलेल्या निरागस वस्तूंना तिने दारातच धरलं आणि नावं नोंदवून घेतली. बस आली ती 'ती', टेम्पो आला तो 'तो', टेबल आलं ते 'ते'. कुठल्याही समितीने बैठक घेतली नाही, कुणी जीआर काढला नाही. तरी नागपूरपासून वेंगुर्ल्यापर्यंत 'तो बस आला' असं म्हणणारा मराठी माणूस सापडणार नाही.

लिंगांनंतर येतात आकडे. जर्मनमध्ये एकवीसला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे 'एक आणि वीस'. इंग्रजीच्या खांद्यावर बसलेला विद्यार्थी इथे कोसळतो, कारण इंग्रजीत आधी वीस येतात आणि मग एक. खांद्यावरून खाली उतरला तर त्याला दिसेल, की आपणही एक-वीस असंच म्हणतो. एकवीस, बावीस, तेवीस : आधी एकक, मग दशक, जर्मनीत म्हणतात तसंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या 'वीस एक', 'साठ तीन' अशाही वाचायला शिकवल्या आणि महाराष्ट्रात हलकल्लोळ झाला. वर्तमानपत्रं, विधानसभा, पुणेरी कट्टे, सगळीकडे तोच विषय. तेव्हा फारच थोड्यांना ठाऊक होतं की जर्मनीत बोखुमच्या एका गणितज्ञाच्या पुढाकाराने २००४ पासून याच मागणीची एक संस्था आहे. तिचं नावच मुळी 'त्स्वान्त्सिश-आइन्स', म्हणजे 'वीस-एक'. नॉर्वेने तर १९५१ साली संसदेच्या निर्णयाने आकडे उलटून घेतले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं म्हातारी माणसं आपली जुन्याच पद्धतीने मोजत राहिली. आकड्यांवरून भांडणं हा फक्त आपलाच छंद आहे, असा समज असणाऱ्यांनी निदान या दुःखात तरी एकटं वाटून घेऊ नये.

पुढचा धोंडा घड्याळाचा. जर्मन माणूस 'हाल्ब झीबेन' म्हणतो. शब्दशः 'अर्धे सात'. मराठी माणूस मनातल्या मनात साडेसात करतो आणि तासभर उशिरा पोचतो. कारण 'हाल्ब झीबेन' म्हणजे साडेसहा. सातवा तास अर्धा झाला, असा त्याचा हिशेब. हा हिशेब विचित्र वाटतो खरा, पण तो मराठीच्या पोटात जसाच्या तसा पडून आहे. 'दीड' आला संस्कृत 'द्व्यर्ध'वरून : दुसरा अर्धा. 'अडीच' आला 'अर्धतृतीय'वरून : तिसरा अर्धा. जर्मन भाषेत दीडला 'आन्डर्टहाल्ब' म्हणतात, त्याचा मूळ अर्थही दुसरा अर्धा. आणि अडीचला जुन्या जर्मनमध्ये 'ड्रिटहाल्ब' होतं, तिसरा अर्धा. हजारो मैलांवरच्या दोन भाषा दीड शेर साखर एकाच मापाने मोजत होत्या. इंग्रजीकडे हे मापच नाही. तिला दीड म्हणायला 'वन अँड अ हाफ' एवढी लांबण लावावी लागते.

उच्चारांतही तेच. जर्मन वृत्तपत्राला 'त्साइटुंग' म्हणतात. त्यातला पहिला आवाज म्हणजे मराठी चमच्यातला च. चाकूतला, चपलेतला. हिंदीभाषक विद्यार्थ्याला तो शिकावा लागतो; मराठी विद्यार्थी तो तोंडात घेऊनच जन्मतो आणि वर्गात गेल्यावर 'ट' आणि 'स' यांचा इंग्रजी काला करत बसतो.

इंग्रजीचा खांदा कसा दगा देतो याची खरी उदाहरणं पुढे येतात. जर्मनमध्ये 'वेअर' म्हणजे कुठे नव्हे, कोण. कुठे साठी 'वो' आहे. नवशिका पाहुणा यजमानांच्या घरी स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला जातो आणि स्वच्छतागृह कोण आहे असं विचारून बसतो. 'बेकोमेन' म्हणजे बनणे नव्हे, मिळणे. 'शेफ' म्हणजे आचारी नव्हे, साहेब. आणि 'गिफ्ट' म्हणजे विष. जर्मन दुकानात कुणी गिफ्ट मागितलं तर दुकानदार आधी उंदीर किती आहेत ते विचारेल. मात्र याच शब्दाचा एक नातेवाईक मराठी वाचकांनी पाठच करून ठेवावा : हुंड्याला जर्मन भाषेत 'मिटगिफ्ट' म्हणतात. शब्दाच्या पोटात विष ठेवायचं काम भाषेने नकळत केलं, पण चपखल केलं.

आता जपानी. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी एक संस्था आहे. तिच्या हिशेबाने इंग्रजीभाषकाला स्पॅनिश कामापुरती यायला तीसेक आठवडे लागतात, हिंदीला ४४ आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले २,२०० तास. हे आकडे ऐकले की पालक घाबरतात. पण तो हिशेब इंग्रजीभाषकाचा आहे. जो आपण नव्हे, त्याच्या तापाची गोळी आपण का घ्यायची?

'मी पुण्याहून आलो' हे वाक्य घ्या. इंग्रजीत ते उलटंपालटं करावं लागतं. आधी मी, मग आलो, मग हून, मग पुणे. जपानीत 'वाताशी वा पुने कारा किमाशिता'. वाताशी मी, पुने कारा पुण्याहून, किमाशिता आलो. शब्दाखाली शब्द ठेवला तरी ओळ हलत नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. आणि यापुढची गंमत तर कळस आहे. जपानीत प्रश्न विचारायचा असेल तर वाक्याच्या शेवटी एक अक्षर लावतात. ते अक्षर आहे 'का'. 'इकिमासु का?' म्हणजे 'जाता का?' ज्या भाषेत प्रश्नाला का लागतो, ती मराठी माणसाला परकी का वाटावी?

नात्यांतही इंग्रजी दळिद्री. थोरला, धाकटा, सगळे तिथे 'ब्रदर'. जपानीत थोरल्या भावाला एक शब्द आणि धाकट्याला दुसरा. थोरल्या बहिणीला वेगळा आणि धाकटीला वेगळा. दादा-ताई म्हणत वाढलेल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. आपल्या आईला 'हाहा', वडिलांना 'चिची' आणि थोरल्या भावाला 'आनि' म्हणायचं एवढं मात्र हसू दाबून पाठ करावं लागतं. मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलायचं, हे इंग्रजीवाल्यांसाठी दहा पानांचं प्रकरण असतं. आपल्याकडे 'ये' आणि 'या' मधला फरक चुकला तर पाठीत धपाटा बसून तो कायमचा शिकला जातो.

कष्ट आहेत ते लिपीचे. हिरागाना आणि काताकाना यांची मूळ अक्षरं प्रत्येकी ४६, आणि वर रोजच्या वापरातल्या कांजी २,१३६. तिथे कुठलीही आजी मदतीला येत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन बसलं तर थोडा धीर येतो. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलं आहे, आणि पुलंचं नाव लावलेल्या जपानी बागेत कांजी घोकणाऱ्या मुलाला उगीचच हसू फुटण्याची सोय आहे.

राहिली फ्रेंच, जिच्यात लिहितात एक आणि बोलतात निम्मं. मराठी विद्यार्थी लिहिलेलं सगळं वाचायच्या संस्कारात वाढलेला असतो. शेवटची तीन अक्षरं गिळून टाकायची हे त्याला अन्न टाकून उठल्यासारखं वाटतं. आणि आकडे! सत्त्याण्णवला फ्रेंच माणूस 'चार विसा, दहा आणि सात' म्हणतो. बेल्जियमच्या आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंचभाषकांनी कंटाळून नव्वदला स्वतंत्र शब्द ठेवला, पण पॅरिस काही हलत नाही. यावर वर्गात खसखस पिकते. पण हसणाऱ्या नातवाने गावाकडच्या पणजीला आठवावं. जुन्या पिढीतल्या बायाबापड्या कोंबडीची अंडी आणि पदरातले पैसे विसांनीच मोजत. चार विसा म्हणजे ऐंशी. पणजी शाळेत गेली नव्हती, पण पॅरिसच्या बाजारात तिला हिशेबात कुणी फसवलं नसतं.

परक्या भाषांशी आपली ओळख जुनी आहे, फक्त आपण ती विसरलो. बटाटा, काजू, अननस, पाव, चावी, बादली, घमेलं, पगार, लिलाव : हे सगळे पोर्तुगीज. ज्या माणसाने आयुष्यात एक दिवस परदेशी भाषेचा क्लास केला नाही तो सकाळी बादलीने आंघोळ करतो, पाव खातो, कुलपाची चावी खिशात टाकतो आणि पगार मोजतो, चारही वेळा पोर्तुगीज बोलत. तेच पोर्तुगीज जपानलाही पोचले होते, म्हणून जपानी लोकही पावाला 'पान' म्हणतात. जेवणानंतर पान हवं असेल तर टोकियोत मराठी माणसाने जरा जपून मागावं.

उलट दिशेनेही माणसं आली. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. त्याने इथली भाषा इतकी आपलीशी केली की १६१६ साली त्याचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. त्याच्याकडे ना क्लास होता, ना घुबड, ना ए१चं प्रमाणपत्र. मॅक्सम्युलरचं उदाहरण उलटं. ज्याच्या नावाच्या भवनात पुण्यामुंबईची मुलं जर्मन शिकतात, त्या मॅक्सम्युलरने ऋग्वेद संपादित करून छापला, पण भारतात त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. आणि लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या मंडालेच्या तुरुंगवासात जर्मन आणि फ्रेंच पुस्तकांवरून स्वतःच शिकून घेतल्या. त्यांना व्हिसा नको होता. जे ग्रंथ वाचायचे होते ते त्या भाषांत होते, एवढंच कारण होतं.

स्टीफन्सला ओव्या ऐकवायला माणसं होती, टिळकांपुढे वाचायचे ग्रंथ होते, कोरियन मालिका बघणाऱ्या मुलीला नायकाचं पुढे काय होतं ते कळून घ्यायचं असतं. भाषा निवडताना एवढंच बघावं, की पलीकडे कोण आहे. नोकरी असेल तर ती कुठली आणि तिला किती पायऱ्या लागतात, ते आधी विचारावं. गोव्यातल्या मुलाच्या घरी आजोबांची पोर्तुगीज पत्रं पेटीत पडलेली असतील तर त्याने उगीच जपानीच्या रांगेत उभं राहू नये. आणि पलीकडे कुणीच नसेल, नुसते गुणच हवे असतील, तर काका म्हणतात ते बरोबर : संस्कृत घ्यावी.

भाषा ठरली की पुस्तकात शब्दाचा अर्थ समासात लिहायची वेळ येते. तो इंग्रजीत न लिहिता मराठीत लिहून बघावा. अर्धी वाट आपल्याच अंगणातून जाते, हे महिन्याभरात कळेल.

बैठकीतल्या मुलाने शेवटी काय घेतलं ते कळलं नाही. फॉर्म भरलेले काका मात्र वयाच्या बासष्टाव्या वर्षी ए१ च्या वर्गात पहिल्या बाकावर बसले, कारण त्यांना मेंदूपेक्षा मोठं कारण सापडलं होतं. त्यांची नात श्टुटगार्टला बालवाडीत जाते आणि दिवसभर जर्मन बोलून आलेली असते. रविवारी व्हिडिओ कॉलवर काकांनी तयारी करून आणलेलं वाक्य म्हटलं, बस आली. नातीने खाऊ चघळत ऐकून घेतलं आणि सांगितलं, 'आजोबा, डी नाही, डेअर. ती बस नाही, तो बस.'

काकांनी वही उघडून दुरुस्ती केली. पानाच्या समासात आता स्वच्छ मराठीत लिहिलेलं आहे : जर्मनीत बस पुल्लिंगी.